टकरीचा नियम : तो सापडला कसा आणि शिकवावा कसा

विज्ञानाच्या इतिहासात काही प्रश्न असे आहेत, की ते विचारायला विद्वत्ता लागत नाही. दोन गोट्या एकमेकींवर आपटल्या तर पुढे काय होते, हा त्यांपैकीच एक. अंगणात गोट्या खेळणारा पोर, कॅरमच्या पाटावर स्ट्रायकर मारणारा गडी आणि यार्डात वॅगना जोडणारा रेल्वे कामगार या तिघांच्याही हाताला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. तरी ते उत्तर आकड्यांत नेमके बसवण्यासाठी युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या बुद्धिमंतांना सतराव्या शतकात कित्येक वर्षे झगडावे लागले, आणि विद्यार्थ्यांच्या गळी ते उतरवणे आजही सोपे झालेले नाही. माझे म्हणणे एवढेच, की हा नियम ज्या वाटेने माणसाला सापडला त्याच वाटेने तो विद्यार्थ्याला सापडू दिला पाहिजे. ती वाट कोणती, हे पाहण्यासाठी थोडा इतिहास चाळला पाहिजे.

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६४४ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात टकरीचे सात नियम सांगितले. त्यांमागची कल्पना भव्य होती. ईश्वराने सृष्टीत जेवढी गती घातली तेवढीच ती कायम राहते. एका पदार्थाने गमावली तर दुसऱ्याला मिळते. ही गती मोजायची ती पदार्थाचा आकार आणि त्याचा वेग यांचा गुणाकार करून. पण हा वेग कोणत्या दिशेला आहे, हे देकार्तने हिशेबात धरलेच नाही. परिणाम असा झाला, की सातांतले बहुतेक नियम चुकले. त्याचा चौथा नियम तर सांगतो, की मोठा पदार्थ स्थिर असेल तर लहान पदार्थाने कितीही वेगाने धडक दिली तरी मोठा तसूभरही हलणार नाही. लहान मात्र आल्या वेगाने परत फिरेल. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा नियम वाचून हसू आल्यावाचून राहत नाही. जगातल्या सगळ्या बड्यांना तो मनापासून पटला असता! अनुभव याच्या उलट दिसतो, हे देकार्तलाही ठाऊक होते. पण भोवतालच्या इतर पदार्थांच्या अडथळ्यामुळे तसे दिसते, असे सांगून त्याने नियम राखला आणि अनुभवाला बाजूला सारले.

देकार्त हा डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सच्या वडिलांचा स्नेही. घरात त्याच्या नावाचा दबदबा. तरीही तरुण हायगेन्सने १६५०च्या सुमारास या नियमांवर शंका घेतली आणि १६५६ पर्यंत टकरीवर स्वतंत्र प्रबंध लिहून काढला. त्यातली युक्ती कोणालाही समजेल अशी आहे. कालव्यातून एक होडी संथपणे चालली आहे. होडीतल्या माणसाने दोन्ही हातांत दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे कठीण गोळे धरले आहेत. तो ते सारख्या वेगाने एकमेकांवर आणतो. ते आपटून तितक्याच वेगाने मागे फिरतात. यात वादाचे काही नाही. आता हीच टक्कर काठावरच्या माणसाच्या नजरेने पाहा. होडीचा वेग गोळ्याच्या वेगाइतकाच असेल, तर काठावरच्याला एक गोळा स्थिर दिसतो आणि दुसरा दुप्पट वेगाने येताना दिसतो. टक्कर झाल्यावर येणारा जागच्या जागी थांबतो आणि स्थिर असलेला दुप्पट वेगाने निघून जातो. टक्कर एकच, पाहणाऱ्याची जागा तेवढी बदलली. कॅरमवर सोंगटीवर सोंगटी सरळ आपटते तेव्हा जवळजवळ हेच घडते. हा प्रबंध मात्र हायगेन्सच्या मृत्यूनंतर, १७०३ साली छापला गेला.

मधल्या काळात, १६६८ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न जाहीरपणे विचारार्थ घेतला. गणिती जॉन वॉलिस, पुढे सेंट पॉल कॅथीड्रलचा स्थपती म्हणून गाजलेला ख्रिस्तोफर रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठवली. १६६९ साली ती प्रसिद्ध झाली. वॉलिसने मऊ पदार्थांचा विचार केला होता, तर रेन व हायगेन्स यांनी कठीण, उसळणाऱ्या पदार्थांचा. तिन्ही उत्तरांतून एकच सूत्र निघाले. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार करा, पण उजवीकडचा वेग अधिक धरा व डावीकडचा उणे. अशी बेरीज टकरीपूर्वी जेवढी, तेवढीच टकरीनंतर. या गुणाकारालाच आपण संवेग म्हणतो. उदाहरणार्थ, सेकंदाला ३ मीटर वेगाने येणारी २० टनांची वॅगन १० टनांच्या उभ्या वॅगनला धडकून जोडली गेली, तर दोन्ही मिळून सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जातील. आधी २० गुणिले ३, नंतर ३० गुणिले २. दोन्हीकडे ६०.

न्यूटनने १६८७ साली आपल्या ‘प्रिन्सिपिया’त या नियमाला गतीच्या तीन नियमांच्या चौकटीत बसवले. पण कागदावरच्या सिद्धतेवर तो थांबला नाही. १० फूट लांबीचे लंबक टांगून त्याने निरनिराळे गोळे एकमेकांवर सोडले आणि हवेचा अडथळाही वजा केला. गोळे ८, १२, १६ फुटांवरून आणले तरी हिशेबात ३ इंचांहून अधिक चूक आली नाही, असे त्याने नोंदवले आहे. घट्ट गुंडाळलेले लोकरीचे गोळे ज्या वेगाने एकमेकांजवळ आले त्याच्या सुमारे नवांपैकी पाच भाग वेगाने दूर गेले. काचेचे गोळे सोळांपैकी पंधरा भाग. उसळी कमी असो वा जास्त, संवेगाची बेरीज मोडली नाही.

मग लोकरीच्या गोळ्यांनी गमावले ते काय? वरच्या वॅगनांकडेच पाहा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग असा हिशेब केला तर टकरीपूर्वी १८० येतात आणि टकरीनंतर १२०. एक तृतीयांश भाग उष्णता, आवाज आणि लोखंडाचे दबणे यांत गेला. हा दुसरा हिशेब महत्त्वाचा आहे, हे लायब्निझने १६८६ साली मांडले आणि त्यावरून मोठे भांडण पेटले. लायडनचा प्राध्यापक स्ग्राव्हेसांडे याने १७२२ साली पितळी गोळे मऊ मातीत पाडून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेला गोळा दुप्पट नव्हे, चौपट खड्डा करी. न्यूटनच्या पक्षाचा असूनही त्याने प्रयोगापुढे आपले मत बदलले. पुढे एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० साली आपल्या ग्रंथात ही बाजू फ्रेंच वाचकांपुढे ठेवली. आज आपण जाणतो, की दोन्ही हिशेब खरे आहेत; एक संवेगाचा, दुसरा ऊर्जेचा.

हा स्ग्राव्हेसांडे शिकवतही तसाच होता. त्याच्या वर्गात टकरीची यंत्रे प्रत्यक्ष मांडलेली असत. त्यांतली कित्येक लायडनच्या संग्रहालयात आजही पाहता येतात. पण हा वर्ग विद्यापीठातला होता. कारागिराला त्यात जागा नव्हती. ती करून दिली जॉर्ज बर्कबेकने. ग्लासगोत उपकरणे बनवून घेताना कारागिरांची जिज्ञासा त्याच्या नजरेस आली, आणि १८०० साली त्याने त्यांच्यासाठी व्याख्याने सुरू केली. १८२३ साली लंडनमध्ये कारागिरांची संस्था निघाली. तीच लाट मुंबईलाही पोचली. १८४७ साली सरकारी टाकसाळ आणि गोदी यांतल्या तरुण कारागिरांनी व फोरमननी यंत्रांच्या नमुन्यांचा संग्रह आणि ग्रंथालय स्थापन केले. काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय हे त्याचेच पुढचे रूप. ज्या संस्थेत आज पुस्तके वाचली जातात, तिचा आरंभ हाताने फिरवून पाहायच्या नमुन्यांनी झाला, हे विसरू नये.

विसरलो तर काय होते, याचा पुरावा अलीकडचा आहे. अमेरिकेत डेव्हिड हेस्टीन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. मोठा ट्रक आणि लहान मोटार समोरासमोर धडकली, तर कोण कोणावर अधिक जोर लावतो, असा त्यात एक प्रश्न आहे. न्यूटनचा नियम तोंडपाठ असलेली मुलेही ‘ट्रक’ म्हणून मोकळी होतात! जोर दोघांवर सारखाच असतो. पण हलक्या मोटारीचा वेग अधिक बदलतो, म्हणून मोडतोड तिची अधिक होते. विद्यार्थी जोर आणि नुकसान यांची गल्लत करतो. त्याच्या मनात अजून देकार्तचे राज्य चाललेले असते. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. जे शिकायचे शिल्लक होते, त्यापैकी नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के मिळवले. ज्या वर्गांत विद्यार्थी स्वतः करून पाहत व आपसात वाद घालत, त्यांनी ४८ टक्के.

कामगारांच्या अभ्यासवर्गात मला हा विषय सांगावा लागतो, कारण तो त्यांच्या हाडामांसाचा आहे. उभ्या वॅगनचा संवेग जेवढा बदलायचा तेवढा बदलणारच. पण बफरच्या स्प्रिंगने तो बदल पाचपट वेळात घडवला, तर सरासरी जोर एकपंचमांश होतो. डोक्यावरच्या हेल्मेटचे आतले अस्तरही हेच करते. हे ज्याला उमगले, तो अस्तर फाटलेले हेल्मेट मुकाट्याने घालणार नाही. नवे मागेल, आणि का मागतो तेही सांगू शकेल.

म्हणून शाळांना माझी विनंती साधी आहे. एका आडव्या दांडीला दोन गोळे टांगा. सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला काय होईल ते वहीत लिहू द्या, शेजाऱ्याशी भांडू द्या, आणि मग गोळा सोडा. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्या गावोगावच्या व्याख्यानांनी पुष्कळ ज्ञान कानांवर घातले आहे. टकरीचा नियम मात्र नुसता कानाने येत नाही. त्याला दोन गोळे, थोडी सुतळी आणि चूक लिहायची मुभा असलेली एक वही लागते. एवढा खर्च कोणत्याही नगरपालिकेच्या शाळेला परवडण्यासारखा आहे.