मोटारीतील इंजिन ऑइल बदलण्याच्या पद्धती

मोटारीच्या इंजिनातील वापरून जीर्ण झालेले वंगणतेल काढून त्या जागी नवे तेल भरण्याच्या क्रियेस इंजिन ऑइल बदलणे असे म्हणतात. हे काम गॅरेजमध्ये किंवा अधिकृत सेवाकेंद्रात केले जाते, तसेच साधनसामग्री असल्यास घरीही करता येते. जुने तेल काढण्याच्या प्रमुख पद्धती दोन आहेत. पहिल्या पद्धतीत इंजिनाच्या तळाशी असलेला बोल्ट उघडून तेल खाली सोडले जाते. दुसरीत डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी आत घालून तेल वरून शोषून घेतले जाते. सर्व मोटारींसाठी उत्तम अशी एकच पद्धत नाही. मोटारीची रचना, काम करण्याची जागा, हाताशी असलेली साधने आणि इंजिनाची स्थिती यांनुसार पद्धत निवडावी लागते. निघालेले तेल सुरक्षितपणे साठवून पुनर्प्रक्रियेसाठी सोपविणे हा मात्र दोन्ही पद्धतींचा आवश्यक भाग आहे.

पार्श्वभूमी

इंजिन ऑइल हे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रासायनिक पूरके यांचे मिश्रण असते. घर्षण कमी करणे, उष्णता वाहून नेणे, गंज रोखणे आणि ज्वलनातून निर्माण होणारी काजळी आपल्यात धरून ठेवणे ही त्याची मुख्य कार्ये होत. वापराबरोबर तेलाचे ऑक्सिडीकरण होते, पूरके खर्ची पडतात आणि काजळी, इंधनाचा अंश, पाण्याची वाफ व धातूचे सूक्ष्म कण त्यात साचत जातात. त्यामुळे ठरावीक काळाने तेल बदलावे लागते.

तेल काळे पडणे हे ते निकामी झाल्याचे खात्रीलायक लक्षण नाही. डिझेल इंजिनात नवे तेलही अल्पावधीत काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. म्हणून रंगाऐवजी वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले अंतर किंवा कालावधी, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते प्रमाण मानतात. भारतातील अनेक आधुनिक मोटारींसाठी ही मर्यादा १०,००० कि.मी. किंवा १ वर्ष अशी असते. धुळीचे रस्ते, सततचे कमी अंतराचे प्रवास आणि जड ओझे अशा परिस्थितीत बहुतेक पुस्तिका ही मुदत कमी करण्यास सांगतात.

मोटारीतील तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यात साठते. कारागिरांच्या बोलीत या भांड्यास 'चेंबर' म्हणतात. लहान पेट्रोल मोटारींत साधारणपणे ३ ते ४ लिटर तेल मावते. मोठ्या डिझेल वाहनांत हे प्रमाण अधिक असते.

तळातून तेल सोडण्याची पद्धत

ही सर्वाधिक रूढ पद्धत होय. इंजिन काही मिनिटे चालवून तेल कोमट केले जाते. कोमट तेल पातळ होऊन लवकर वाहते आणि त्यात तरंगणारी घाण सोबत नेते. पूर्ण तापलेल्या इंजिनातील तेल १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकते व त्याने गंभीर भाजते, म्हणून इंजिन बंद करून थोडा वेळ थांबतात. त्यानंतर चेंबरखाली घमेले किंवा पसरट भांडे ठेवून पान्याने ड्रेन बोल्ट सैल करतात. वरचे तेल भरण्याचे झाकण उघडे ठेवल्यास प्रवाह सुरळीत राहतो.

या पद्धतीचा मुख्य गुण म्हणजे तेल गुरुत्वाकर्षणाने निघत असल्याने तळाशी बसलेला गाळ व पाणीही बाहेर पडते. बोल्टला चिकटलेले किंवा भांड्यात दिसणारे धातूचे कण इंजिनातील झिजेची पूर्वसूचना देतात. याच वेळी मोटारीखालची गळती, फाटलेले रबरी बूट किंवा गंजलेले भाग नजरेस येतात.

या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका इंजिनाला नसून काम करणाऱ्या व्यक्तीला असतो. मोटारीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. फक्त जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. मोटार कठीण व सपाट जमिनीवर उभी करून, हँडब्रेक ओढून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावून आणि भार पेलण्यासाठी बनविलेल्या स्टँडवर टेकवूनच खाली जाणे आवश्यक असते. मजबूत रॅम्प किंवा सर्व्हिसिंगचा पक्का खड्डा हा याहून सोयीचा पर्याय आहे. रचलेल्या विटा किंवा दगड भाराखाली अचानक फुटतात, त्यामुळे ते स्टँडच्या जागी वापरू नयेत.

दुसरा धोका बोल्टच्या आट्यांचा आहे. अनेक इंजिनांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते. बोल्ट तिरका बसविल्यास किंवा अतिरिक्त जोर लावल्यास आटे जातात आणि दुरुस्तीचा खर्च तेलाच्या किमतीहून अधिक होतो. बोल्ट प्रथम हाताने काही फेरे बसवून नंतर पुस्तिकेतील बलानुसार आवळतात. अनेक मोटारींत हे बल २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दबून सील करीत असल्याने तो प्रत्येक वेळी नवा घालणे इष्ट असते. नवशिक्यांकडून इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला जाण्याची चूकही होते. ती टाळण्यासाठी बोल्टची जागा पुस्तिकेवरून आधी निश्चित करावी लागते.

वरून शोषून घेण्याची पद्धत

या पद्धतीत हातपंप किंवा विजेवरील पंपाला जोडलेली बारीक नळी डिपस्टिकच्या मार्गाने चेंबरच्या तळापर्यंत उतरवितात आणि निर्वात दाबाने तेल बंद टाकीत ओढून घेतात. बोटींमध्ये इंजिनाखाली काम करण्यास जागा नसल्याने तेथे ही पद्धत पूर्वापार वापरली जाते. काही मोटारींची रचनाही तिला अनुकूल असते. पहिल्या पिढीच्या स्मार्ट मोटारीत तर ड्रेन बोल्टच नव्हता, त्यामुळे तेल वरूनच काढावे लागे.

मोटारीखाली जावे लागत नाही, आटे खराब होत नाहीत आणि तेल थेट बंद टाकीत जात असल्याने सांडलवंड कमी होते, हे या पद्धतीचे गुण होत. खालून प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या मोटारींत ते उघडण्याचा त्रासही वाचतो.

मर्यादा प्रामुख्याने रचनेच्या आहेत. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी चेंबरच्या सर्वांत खोल भागापर्यंत जात नाही, किंवा आतील आडपडद्यामुळे पंपाची नळी अडते. अशा वेळी बरेच जुने तेल आतच राहते. काही नव्या मोटारींत डिपस्टिकऐवजी फक्त संवेदक असतो, तेथे ही पद्धत लागू पडेलच असे नाही. जड गाळ बारीक नळीतून वर येत नाही आणि मोटारीच्या खालच्या भागाची पाहणीही होत नाही.

शोषलेल्या तेलाचे मोजमाप या पद्धतीत विशेष महत्त्वाचे ठरते. समजा, फिल्टरसह ३.५ लिटर तेल मावणाऱ्या इंजिनातून फक्त ३ लिटर तेल निघाले आणि तरीही पूर्ण ३.५ लिटर नवे तेल भरले, तर पातळी मर्यादेबाहेर जाते. जास्त झालेले तेल फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते व वंगणाचे काम नीट करीत नाही. म्हणून निघाले त्याहून थोडे कमी तेल भरून, नंतर डिपस्टिक पाहत उरलेले भरतात.

ऑइल फिल्टर

तेलाबरोबर फिल्टर बदलणे दोन्ही पद्धतींत अपेक्षित असते. अनेकदा पद्धतीची निवड फिल्टरच्या जागेवरूनच ठरते. फिल्टर इंजिनाच्या वरच्या बाजूस असेल, तर सर्व काम वरून होऊ शकते. तो खालून काढावा लागत असेल, तर मोटार उचलावीच लागते आणि शोषण पद्धतीचा मुख्य फायदा संपतो. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. एकावर एक दोन रिंग बसल्यास तेल दाबाने बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या रिंगला तेलाचे बोट लावून तो सामान्यतः हातानेच आवळतात.

काम संपल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून तेलदाबाचा दिवा विझल्याची व गळती नसल्याची खात्री करतात. मग इंजिन बंद करून काही मिनिटांनी सपाट जमिनीवर पातळी पुन्हा तपासतात.

पद्धतीची निवड

सामान्यतः पुढील निकष वापरले जातात:

१. *तळातून सोडणे* : स्टँड, रॅम्प किंवा खड्डा उपलब्ध असल्यास, जुने, जास्त चाललेले किंवा गाळ साचलेले इंजिन असल्यास, फिल्टर खालच्या बाजूस असल्यास, तेलात पाणी शिरल्याचा संशय असल्यास.

२. *वरून शोषणे* : सपाट कठीण जमीन नसल्यास, फिल्टर वरून निघत असल्यास, नळी चेंबरच्या तळापर्यंत पोहोचत असल्यास, ड्रेन बोल्टचे आटे नाजूक झाले असल्यास.

३. *गॅरेजकडे सोपविणे* : वरीलपैकी एकही अट सुरक्षितपणे पूर्ण होत नसल्यास, किंवा निघालेले तेल ठेवण्याची व सोपविण्याची सोय नसल्यास.

केवळ कमी झालेले तेल वरून भरणे हा तेलबदल नव्हे, कारण त्याने जुने दूषित तेल बाहेर पडत नाही. वाहन हमीच्या मुदतीत असल्यास हमीच्या अटी आधी पाहणे आणि तेल व फिल्टरच्या पावत्या जपून ठेवणे हिताचे असते.

नव्या तेलाची निवड

तेलाची दाटता एसएई श्रेणीने दर्शवितात. '५डब्ल्यू-३०' या श्रेणीतील पहिला भाग थंडीतील प्रवाहितेशी, तर दुसरा भाग १०० अंश सेल्सिअसला असणाऱ्या दाटतेशी संबंधित असतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जात असल्याने दाट तेल घालावे, असा समज आढळतो. तथापि चालू इंजिनातील तेलाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा बरेच अधिक असते, त्यामुळे पुस्तिकेतील श्रेणीच ग्राह्य धरतात.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली. या मानकांच्या अनेक डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. त्यांत कमी राख निर्माण करणारे तेल न वापरल्यास हा महागडा फिल्टर वेळेआधी तुंबतो.

मराठवाड्यातील परिस्थिती

मुखेड हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लातूर जिल्ह्याच्या सीमेलगत असलेले तालुक्याचे ठिकाण आहे. बालाघाट डोंगररांगांच्या या परिसरात लेंडी नदी वाहते. ती पुढे मांजरा नदीस मिळते. अशा ग्रामीण भागात अधिकृत सेवाकेंद्र दूर असल्याने घरी किंवा गावातील गॅरेजमध्ये तेल बदलण्याचा पर्याय स्वाभाविक ठरतो. शेतरस्त्यांवरील धुळीमुळे येथे तेलाबरोबर एअर फिल्टरकडेही लक्ष द्यावे लागते. शेणामातीच्या मऊ अंगणात जॅक रुतून कलण्याचा धोका असतो. जाड लाकडी फळी ठेवूनही जमीन खचत असेल, तर तेथे मोटार उचलणे टाळावे लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीनंतर लेंडी नदीकाठच्या गावांत पुराचे पाणी शिरले. अशा पुरात बुडालेल्या वाहनाचे इंजिन सुरू करून पाहणे घातक असते. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसल्यास त्यात पाणी मिसळलेले असते. तेलापेक्षा जड असलेले पाणी चेंबरच्या तळाशी बसते, म्हणून अशा वाहनासाठी तळातून सोडण्याची पद्धतच योग्य ठरते. कारागिराकडून तपासणी होईपर्यंत इंजिन चालवीत नाहीत व कोमट करण्याची पायरीही वगळतात.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

निघालेल्या तेलास बोलीभाषेत 'जळके ऑइल' म्हणतात. त्यात जड धातू आणि बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन संयुगे असतात. उंदरांवरील प्रयोगांत त्याच्या वारंवार संपर्कामुळे त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. त्यामुळे काम करताना नायट्राइलचे हातमोजे वापरण्याची आणि तेल लागल्यास साबणाने हात धुण्याची शिफारस केली जाते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार एका तेलबदलातून निघालेले तेल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते. मराठवाड्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. येथील भूजल खडकाच्या झिजलेल्या थरांत व भेगांत साठते आणि विहिरी त्यावरच अवलंबून असतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात नालीत किंवा परसात ओतलेल्या ३ लिटर तेलाची किंमत मोठी असते.

जळके ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावणे, बांधकामाच्या सेंट्रिंग प्लेटांना फासणे किंवा बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून घालणे, असे वापर रूढ आहेत. त्यांतून तेल नष्ट होत नाही, ते हळूहळू मातीत व पाण्यात उतरते. ते चुलीत किंवा भट्टीत जाळल्यास विषारी धूर निर्माण होतो.

भारतात घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. या नियमांत सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाच्या उत्पादक व आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली. राज्यात अशा कचऱ्याचे नियमन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. पुनर्शुद्धीकरणात निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या प्रक्रियांनी पाणी, इंधन व घाण वेगळी करून मूळ तेल पुन्हा मिळविता येते.

घरी निघालेले तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, त्यावर ठळक अक्षरांत 'जुने ऑइल' असे लिहून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवतात. त्यात पाणी, कूलंट, रॉकेल किंवा ब्रेक ऑइल मिसळल्यास पुनर्प्रक्रिया कठीण होते. जुना फिल्टर उपडा ठेवून त्यातील तेलही त्याच डब्यात निथळून घेतात. हा डबा अधिकृत संकलकाला तेल देणाऱ्या सेवाकेंद्राकडे किंवा गॅरेजकडे सोपविता येतो. तेथे डबा स्वीकारला जाईल याची चौकशी बोल्ट उघडण्यापूर्वीच करणे सोयीचे असते. उरलेले रिकामे डबे भोक पाडून टाकल्यास त्यांत बनावट तेल भरून विकण्यास आळा बसतो.

हे सुद्धा पहा

* वंगण
* अंतर्ज्वलन इंजिन
* भूजल
* घातक कचरा
* मांजरा नदी