मोस्तारचा पूल आणि एका छताखालच्या दोन शाळा

बोस्नियाच्या भाषेत ‘मोस्त’ म्हणजे पूल. नेरेत्वा नदीवरच्या पुलाची राखण करणाऱ्यांना ‘मोस्तारी’ म्हणत. त्यांच्यावरूनच मोस्तार शहराला नाव मिळाले. इथल्या जुन्या लाकडी पुलाच्या जागी उस्मानी काळात दगडी पूल बांधला गेला. सिनान या थोर वास्तुकाराचे शागीर्द मिमार हैरुद्दीन यांनी १५६६ मध्ये तो पूर्ण केला.

एकच कमान, सुमारे २९ मीटरचा पल्ला, रुंदी जेमतेम ४ मीटर. स्थानिक ‘तेनेलिया’ दगडाचे चिरे, ते जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि खाचांत ओतलेले शिसे, एवढ्यावर हा पायी चालण्याचा पूल ४२७ वर्षे टिकला. मशिदीला जाणारा आणि चर्चला जाणारा, दोघांचेही पाय त्याच चिऱ्यांवर पडले. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफगोळ्यांनी तो नदीत कोसळला.

युद्ध संपल्यावर हंगेरीच्या सैन्यातील पाणबुड्यांनी नदीतून चिरे वर काढले. त्यातले बहुतेक पुन्हा वापरण्याजोगे नव्हते. मग त्याच जातीचा दगड जवळच्या खाणीतून आणला, हाताने घडवला आणि जुन्याच पद्धतीने लोखंड-शिशाने सांधला. युनेस्को आणि जागतिक बँकेने काम उचलून धरले. तुर्कस्तान, इटली, नेदरलँड्स यांच्याबरोबर क्रोएशियानेही पैसा दिला. २३ जुलै २००४ रोजी पूल खुला झाला आणि पुढच्या वर्षी तो जागतिक वारशाच्या यादीत गेला.

गोष्ट इथे थांबवली तर ती फार गोड होईल. युद्धानंतर बोस्नियात ‘एका छताखाली दोन शाळा’ ही पद्धत आली. इमारत एक, पण बोस्नियाक मुलांचा वर्ग वेगळा, क्रोएट मुलांचा वेगळा. मोस्तारच्या जुन्या जिम्नॅशियमचा कारभार २००४ मध्येच एक झाला, अभ्यासक्रम मात्र दोन राहिले. दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांची बोली सहज कळते. इतिहास मात्र वेगवेगळा शिकवला जातो. शहरात २००८ नंतर थेट २०२० मध्येच पालिकेची निवडणूक होऊ शकली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. आपल्याकडेही काही ठिकाणी एकाच इमारतीत मराठी आणि उर्दू शाळा भरतात. मातृभाषेतून शिकणे हा मुलांचा हक्क आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एकाच आवारातली मुले वर्षभर एकमेकांची नावेही न विचारता घरी जात असतील, तर तो दोष भाषेचा नाही, आपला आहे. खेळाचा तास, सहल, स्नेहसंमेलन एकत्र घ्यायला कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहायची?

मोस्तारचा पूल तीन वर्षांत पुन्हा उभा राहिला, कारण दगड कसा घडवायचा हे कारागिरांना ठाऊक होते. माणसे सांधण्याचे काम शाळेचे आहे आणि तिथे अजून दोन वर्ग वेगळेच भरतात.