क्रीडा-चित्रकथा

खेळाची स्पर्धा हा कथानकाचा कणा असलेला जपानी चित्रकथांचा (मांगा) एक प्रकार. खेळाची आवड नसलेले वाचकही त्याकडे ओढले जातात. इक्की काजिवारा (कथा) व नोबोरू कावासाकी (चित्रे) यांची क्योजिन नो होशी ही बेसबॉलवरील चित्रकथा १९६६–७१ या काळात साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. गरीब घरातला मुलगा, स्वतःचे हुकलेले स्वप्न त्याच्यावर लादणारा बाप आणि धनिकाघरचा प्रतिस्पर्धी हा तिचा गाभा होय. एकाच फेकीला पानेच्या पाने दिलेली असतात. ती चेंडूपेक्षा फेकणाऱ्याच्या मनातील भीती व जिद्द यांनी भरतात. साहजिकच नियमांचे अज्ञान आड येत नाही.

२०१२ साली ‘सूरज : द राइझिंग स्टार’ या नावाने तिचे भारतीय रूपांतर दूरचित्रवाणीवर आले. टोकियोच्या जागी मुंबईची झोपडवस्ती व बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले, तरी कथा मोडली नाही. अडचण आली ती वेगळीच : सरावासाठी मुलाच्या अंगावर चढविलेला स्प्रिंगांचा साज येथे छळ वाटेल, म्हणून सायकलच्या ट्यूबा वापरल्या गेल्या. खेळ बदलणे त्या मानाने सोपे ठरले.

अशा घाटाच्या हकीकती प्रत्यक्षातही आढळतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील सारिका काळे यांनी हलाखीतून वर येऊन २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो कसा देतात हे नीट न जाणणाऱ्यालाही ही वाटचाल समजते.