रास्पबेरी पायवरील वायफाय जोडणी (भुसावळ परिसराच्या संदर्भात)

रास्पबेरी पाय हा ब्रिटनमध्ये घडलेला, तळहातावर मावणारा हौशी संगणक. 29 फेब्रुवारी 2012 रोजी तो विक्रीला आला तेव्हा त्यात वायफाय नव्हते. यूएसबीत डोंगल लावावे लागे आणि त्यातल्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सकडे आहे की नाही, यावर सारे अवलंबून असे. अंगचे वायफाय 2016 च्या ‘पाय 3 बी’पासून आले; 2017 च्या ‘झीरो डब्ल्यू’त तर सर्किटच्या पाटीच्या कडेला तांब्यात सोडलेली छोटी त्रिकोणी मोकळी जागा हाच अँटेना आहे. म्हणून पाय धातूच्या बंद डबीत ठेवू नये.

भुसावळला रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे, आयुध निर्माणी आहे, जवळच दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. अवजारे हाताळणारी माणसे इथे घरोघर सापडतात, आणि अशा घरांतल्या मुलांना पाय सहज जमतो. अडतो तो बहुधा वायफायपाशी. आज्ञा चुकल्याने अडण्यापेक्षा पुढच्या साध्या बाबींकडे दुर्लक्ष झाल्याने अडतो.

पहिली बाब देशाची. कोणत्या लहरी वापरायच्या हे प्रत्येक देशात कायद्याने ठरते. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये आणि 5 गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा 2018 मध्ये परवानामुक्त झाला. देश निवडला नसेल तर अलीकडच्या मॉडेलांत वायफाय कुलूपबंद राहते. पायवरच्या ‘रास्पी-कॉन्फिग’ या मांडणीच्या आज्ञेत जाऊन भारत निवडावा. कार्डावर प्रणाली चढवतानाच ‘इमेजर’मध्ये देश, वायफायचे नाव, पासवर्ड आणि वापरकर्त्याचे नाव भरून ठेवले तर स्क्रीन-कीबोर्ड न जोडताही पाय जाळ्यात येतो, हाच मार्ग उत्तम. प्रणालीच्या ऑक्टोबर 2023 च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून जोडणी ‘नेटवर्क मॅनेजर’ सांभाळतो. त्यामुळे ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ची फाइल हाताने लिहायला सांगणारे जुने धडे आता लागू पडत नाहीत आणि नवशिक्याचा दिवस खातात.

पट्टाही पाहावा. पाय 3 बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो 2 डब्ल्यू यांना फक्त 2.4 गिगाहर्ट्झ कळतो. मोबाइलचा हॉटस्पॉट 5 वर असेल तर त्यांच्या यादीत त्याचे नावच येत नाही. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींतूनही 2.4 चाच पट्टा अधिक लांब पोचतो.

वीज ही तिसरी बाब, आणि सर्वांत फसवी. मोबाइलचा साधा चार्जर व बारीक वायर वापरली की दाब उतरतो, पडद्यावर पिवळ्या विजेचे चिन्ह चमकते आणि जोडणी अधूनमधून तुटते. पाय 4 ला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. उष्णतेचेही तसेच. मे महिन्यात भुसावळात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर खोलीच भट्टी होते. प्रोसेसर 80 अंशांवर गेला की आपला वेग स्वतःच कमी करतो. उष्णता बाहेर टाकणारी पट्टी (हीटसिंक) आणि छोटा पंखा हा इथे शौक नाही, गरज आहे.

रेल्वे स्थानकावरचे, रेल्वेच्या रेलटेल कंपनीचे वायफाय पायला सरळ मिळत नाही, कारण ते ब्राउझरचे पान उघडून, मोबाइलवर आलेला ओटीपी भरून सुरू होते. बिनपडद्याचा पाय तिथेच थांबतो. मोबाइलचा हॉटस्पॉट हा त्यावरचा सोपा उपाय.

या परिसरात पायचा मोलाचा उपयोग रावेर-यावल तालुक्यांतल्या केळीबागांत होऊ शकतो. पारा 10 अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते. पीकविम्याची भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते, पण आपल्या बागेत रात्री किती थंडी पडली हे बागायतदाराला स्वतः कळायलाच हवे. संवेदक जोडलेला पाय ते नोंदवतो. मळ्यात इंटरनेट नसेल तर पायलाच हॉटस्पॉट करावे आणि बांधावर उभे राहून मोबाइलवर आकडे पाहावेत. मात्र पाण्याने भरलेली केळीची पाने 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतात. दाट बागेत वायफाय फार दूर जात नाही. तिथे भारतात परवानामुक्त असलेल्या 865 ते 867 मेगाहर्ट्झवरचे, दूरवर पोचणारे ‘लोरा’ रेडिओ मॉड्यूल वापरावे आणि घरातल्या पायने ते आकडे घेऊन वायफायवर चढवावेत.