त्रिमितीय संगणकीय ॲनिमेशनचा आरंभ : यूटा विद्यापीठातील एका हाताचा इतिहास

त्रिमितीय ॲनिमेशनचा इतिहास बहुधा 1995 सालच्या ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटापासून सांगितला जातो. संपूर्णपणे संगणकावर निर्माण झालेला तो पहिला पूर्ण लांबीचा कथापट होय, हे खरेच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने यशाच्या दिवसापाशी थांबून चालत नाही. मागे गेल्यास आपण हॉलिवूडच्या स्टुडिओत नव्हे, तर अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोहोचतो. ॲनिमेशन हे करमणूक उद्योगाचे अपत्य आहे, हा रूढ समज तेथे टिकत नाही.

डेव्हिड इव्हान्स यांनी 1965 मध्ये या विद्यापीठात संगणकशास्त्राचे अध्यापन व संशोधन उभारण्यास प्रारंभ केला. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड तेथे आले. संशोधनाला अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ संस्थेचे अनुदान होते. म्हणजेच पैसा सार्वजनिक होता, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

1972 मध्ये एडविन कॅटमल या विद्यार्थ्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला. त्यापासून तयार केलेल्या प्रतिकृतीवर शाईने सुमारे 350 त्रिकोण व बहुभुज आखले आणि त्यांच्या कोनबिंदूंचे स्थान अंकांच्या रूपाने संगणकात भरले. त्रिमितीय प्रतिमानाचे मूलतत्त्व हेच : वस्तू म्हणजे लांबी, रुंदी व खोली या तीन अक्षांवर मोजलेल्या बिंदूंचे जाळे. फ्रेड पार्क यांच्या सहकार्याने झालेल्या चित्रफितीत हा हात बोटे मिटतो, उघडतो आणि प्रेक्षक चक्क त्याच्या आत शिरतो.

जाळ्याचे कंगोरे मात्र डोळ्यांना खुपतात. आँरी गूरो यांनी 1971 मध्ये कोनबिंदूंवरील प्रकाशमूल्ये मधल्या भागात क्रमाने पसरवून पृष्ठभाग गुळगुळीत भासवला. त्यासाठी पत्नीच्या चेहऱ्यावर त्यांनी रेषा आखल्या होत्या. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या बुई तुओंग फोंग यांनी चकाकीचे गणित मांडले आणि 1975 मध्ये, ऐन तारुण्यात, त्यांचे निधन झाले. कॅटमल यांच्या 1974 च्या प्रबंधात प्रत्येक चित्रबिंदूसाठी सर्वांत जवळच्या पृष्ठभागाची खोली लक्षात ठेवण्याची युक्ती आहे. पुढची वस्तू मागचीला झाकते, हे संगणकाला तेवढ्याने ‘कळते’!

उपयोगांची यादी येथे वाढवीत नाही. यूटाशी जवळचे नाते असलेल्या इव्हान्स अँड सदरलँड कंपनीने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी आभासी दृश्ये घडविली. याच विद्यापीठाचे जेम्स ब्लिन यांनी व्हॉयेजर यानांचा ग्रहांजवळून होणारा प्रवास चित्रित केला. शास्त्रीय माहिती डोळ्यांनी वाचता येते, याची ती उत्तम साक्ष ठरली.

आपल्या वर्गांत मात्र ॲनिमेशन बहुतांशी सॉफ्टवेअरच्या कळा म्हणून शिकवले जाते. कळ दाबणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यामागील निर्देशक भूमितीची गंधवार्ता नसते, ही प्रस्तुत लेखकाची खंत आहे.

त्या हातापासून ‘टॉय स्टोरी’पर्यंत 23 वर्षे गेली. सुमारे 81 मिनिटांच्या त्या चित्रपटात एक लाखाहून अधिक चौकटी आहेत. मूळ हाताच्या चित्रफितीला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळाले ते 2011 मध्ये.