वाळूतील चेंडूची ओळख

बंगळूरचा गोल्फ क्लब १८७६ सालचा. कलकत्त्याच्या १८२९ मधील क्लबाचा धाकटा भाऊच म्हणावा. खेळाबरोबर नियमही स्कॉटलंडहून आले. तेथील लीथच्या खेळाडूंनी १७४४ साली तेरा नियम लिहून ठेवले होते. पुढे त्यांचा ग्रंथच झाला.

त्यात बंकरचे, म्हणजे मैदानावर राखलेल्या वाळूच्या खड्ड्याचे, प्रकरण मोठे मौजेचे आहे. वाळूत चेंडू गडप झाला, तर त्याचा काही भाग दिसण्यापुरतीच वाळू सारावी, ओळख पटविण्यासाठी चेंडू उचलू मात्र नये, असा २००७ अखेरपर्यंतचा दंडक होता. मग तो आपलाच, हे ओळखावे कसे? खूण तर बहुधा खालच्या अंगाला दडलेली! नियमकर्त्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून वाळूत चुकून परका चेंडू मारला, तरी दंड नसे. एका हाताने बंदी, दुसऱ्या हाताने माफी, असा हा व्यवहार. पण त्यात न्याय होता खास.

२००८ साली चेंडू उचलण्याची मुभा मिळाली आणि माफी गेली. तेव्हापासून परका चेंडू मारणाऱ्यास दोन फटक्यांचा दंड होतो. चेंडूची जागा खुणेने राखावी, ओळखण्यापुरताच तो पुसावा, वाळू होती तशी करून ठेवावा. उचलण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यास सांगण्याची अट तेवढी राहिली होती. ती २०१९ साली गेली. शोधाची मुदतही त्याच वर्षी पाच मिनिटांवरून तीनवर आली.