फावल्या वेळेची निवड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज गलोंड्यात जमलो आहोत, ते भेटले की एकच प्रश्न विचारीत : "सध्या काय वाचतोस?" वकिलीत बुडालेलो असताना मी एकदा न वाचलेल्या कादंबरीचे नाव ठोकून दिले. गुरुजी नुसते हसले. ते हसू मला अजून बोचते. कामाच्या रगाड्यातला माणूस निव्वळ आनंदासाठी काय वाचायचे, काय ऐकायचे, हे कसे ठरवीत आला, हा विषय मी त्यामुळेच निवडला.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1893 पासून मुंबई उच्च न्यायालयात होते. न्यायदान, अर्थशास्त्र, इतिहास, समाजसुधारणा असा त्यांचा व्याप होता. तरी पहाटे ते तुकोबांच्या अभंगांत रमत, हे रमाबाईंच्या 1910 सालच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. रानड्यांना रोज नव्याने निवड करावी लागत नसे. सोबती एकदाच निवडला होता, त्याच्याकडे ते पुनःपुन्हा जात.

परंतु सर्वांनाच असा सोबती लाभत नाही. कचेरीतून थकून येणाऱ्या कारकुनाने, मास्तराने काय करावे? हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये पुण्यात साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव सरळ 'करमणूक' ठेवले. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने आली. वाचकाने विश्वास टाकला तो संपादकावर. पुढची निवड संपादकाची. करमणूक म्हणून घरात आलेल्या त्या अंकांनी बालविधवेचे दुःख माजघरापर्यंत पोहोचविले. मी गुरुजींना जिचे नाव सांगितले, ती कादंबरी हीच. पुढे 1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि वर्षभर सवड न मिळालेल्यांना वाचनाचा एक सणच लाभला.

श्राव्य माध्यमातही हेच घडले, आणि तिथे आपल्या भूमीचा धागा जुळतो. 1954 च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामात सुधीर फडके सहभागी होते. दुसऱ्याच वर्षी, 1 एप्रिल 1955 पासून, पुणे आकाशवाणीवर गदिमांचे शब्द आणि फडक्यांचे संगीत घेऊन 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्याला एक गीत, अशी छपन्न गीते. ऐकणाऱ्याने वेळ तेवढी राखून ठेवायची.

आज सिल्व्हासातल्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल आहे. तोही निवड करून देतो. मग फरक कोठे? हरिभाऊंना नाव होते, जबाबदारी होती. हप्ता संपत असे, आणि पुढचा येईपर्यंत वाचलेले मनात मुरत असे. मोबाईलवरच्या चित्रफितींची माळ संपतच नाही. निवडणाऱ्याला चेहरा नाही. सवड आपली खर्च होते, निवड मात्र आपली राहत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच : रानड्यांसारखा एक जुना सोबती ठेवावा, नव्यासाठी एखाद्या जाणत्या माणसाचा शब्द मानावा, आणि दिवसाची एक घटका ठरवून घ्यावी.

गुरुजींनी आज तोच प्रश्न विचारला असता, तर मी खरे उत्तर दिले असते : "तीच कादंबरी, गुरुजी. रोज रात्री चार पाने."